काळ, काम, वेग आणि एक गृहस्थ

शालेय अंकगणितातील ‘काळ-काम-वेग’ या प्रकरणाने महाराष्ट्राला किती अभियंते दिले हे सांगणे कठीण असले, तरी फुशारकी मारणारे गृहस्थ मुबलक दिले, याविषयी मतभेद होण्याचे कारण नाही. असा गृहस्थ ओळखण्याची खूण सोपी आहे : दुकानदाराची बेरीज होण्याआधीच तो रक्कम तोंडी सांगतो, आणि ती बरोबर निघाली की इतर गिऱ्हाइकांकडे हळूच पाहून घेतो. प्रस्तुत लेखक याच जातीचा असून पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी, म्हणजे अनुक्रमे पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच आणि साडेतीन पटींचे पाढे, त्याला अद्याप मुखोद्गत आहेत. यांपैकी औटकी वापरण्याची संधी बाजारात क्वचितच मिळत असल्यामुळे, घरात दोन किलो पुरत असताना तो साडेतीन किलो कांदे घेऊन येतो.

जाताना ताशी 60 आणि त्याच रस्त्याने परतताना ताशी 40 किलोमीटर वेगाने धावलेल्या गाडीचा सरासरी वेग 50 नसून 48 असतो, कारण सरासरी वेग म्हणजे एकूण अंतर भागिले एकूण वेळ, आणि संथ प्रवासाकडे वेळेचा मोठा वाटा जातो. हे सिद्ध करण्यास बोरघाटाइतके अनुकूल स्थळ नाही, कारण जोडसुट्टीच्या शनिवारी तेथे श्रोत्यांना उठून जाण्याची सोय नसते. क्षेत्रफळाविषयी थोडक्यात सांगायचे, तर 2016 च्या स्थावर संपदा कायद्याने चटईक्षेत्राची, म्हणजे बाहेरच्या भिंती व बाल्कनी वगळून आणि आतल्या भिंती धरून उरणाऱ्या जागेची, व्याख्या पक्की केली. तरीही आतल्या भिंतींखालच्या जमिनीवर कपाट कसे ठेवावे, हे कायद्याने सांगितलेले नाही.

घनफळाचा विषय निघाला की मात्र प्रस्तुत लेखकाला आवरणे अवघड होते, आणि त्याला भास्कराचार्य जबाबदार आहेत. 1150 साली लिहिलेल्या ‘लीलावती’तील भुंगे, कमळे आणि मोर सर्वांना ठाऊक असतात, पण त्याच ग्रंथातील राशिव्यवहाराकडे, म्हणजे धान्याच्या राशीचे घनफळ काढण्याच्या रीतीकडे, फारसे कोणी वळत नाही. राशीच्या पायाचा परीघ दोरीने मोजावा, त्याच्या सहाव्या भागाचा वर्ग करावा आणि त्याला उंचीने गुणावे, एवढीच ती रीत. पाय म्हणजे परीघ आणि व्यास यांचे गुणोत्तर तीन धरले, तर शंकूच्या घनफळाचे सूत्र नेमके एवढेच उरते. पण राशीच्या शेंड्यापासून तळापर्यंत काठी खुपसून उंची मोजायची कोणी? ही अडचण ओळखून भास्कराचार्यांनी जाड दाण्यांच्या राशीची उंची परिघाच्या दहाव्या, बारीक दाण्यांच्या राशीची अकराव्या आणि कुसळे असलेल्या धान्याची नवव्या हिश्शाइतकी धरली. मोहरी घसरते आणि भात एकमेकांत अडकून उभे राहते, हे खळ्यावर वाकून पाहिल्याशिवाय सुचणारे नव्हे. एवढ्यावर न थांबता, भिंतीला टेकलेली रास, आतल्या कोपऱ्यात ओतलेली रास आणि बाहेरच्या कोपऱ्याला वेढून बसलेली रास, म्हणजे पूर्ण राशीचा अनुक्रमे अर्धा, पाव आणि पाऊण भाग, यांचीही त्यांनी व्यवस्था लावली आहे. त्या काळी निमकी, पावकी आणि पाऊणकी खरोखर कामास येत, याहून मोठा पुरावा प्रस्तुत लेखकाला नको असतो.

या रीतीचा पडताळा वर्षाचे हरभरे घरी आले त्या दिवशी स्वयंपाकघरात घेण्यात आला. चादरीवर ओतलेल्या ढिगाचा परीघ शिवणकामाच्या टेपने 90 सेंटीमीटर भरला. त्याचा सहावा भाग 15, त्याचा वर्ग 225, त्याला उंचीच्या 9 ने गुणून 2025 घनसेंटीमीटर, म्हणजे दोन लिटरांहून किंचित अधिक. रीतीप्रमाणे उत्तर बिनचूक होते. ते जाहीर होईपर्यंत घरधनिणीने, “हे एवढे पितळी डब्यात मावतात, उरलेले बरणीत,” असे म्हणून हरभरे भरून टाकले होते, डबा काठोकाठ भरला होता, आणि टेप परत शिवणाच्या पेटीत ठेवण्याची सूचनाही देऊन झाली होती.

पाठ्यपुस्तकातील हौद या सगळ्याहून सुखी असतो. एक तोटी तो 6 तासांत भरते, दुसरी 12 तासांत रिकामा करते आणि दोन्ही चालू ठेवल्या तर तो 12 तासांत भरतो. पहिल्या तोटीला पाणी येते कोठून, हे मात्र उदाहरणात कधीच दिलेले नसते. एप्रिल 2016 मध्ये मिरजेहून लातूरला पहिली पाणीगाडी गेली, तेव्हा तिच्यात सुमारे 5 लाख लिटर पाणी होते. 2011 च्या जनगणनेनुसार शहराची वस्ती सुमारे 3 लाख 80 हजार, म्हणजे त्या फेरीचे पाणी माणशी सव्वा लिटरच्या जरा वर. हा भागाकार सहावीतल्या मुलाला येतो. जमिनीखालचे पाणी, भरपूर पाणी मागणारा ऊस आणि शहराची तहान यांची वजाबाकीही त्याहून अवघड नव्हती, पण ती वेळेवर करणे ज्यांचे काम होते, त्यांनी ती रेल्वेवर सोडली, आणि पहाटे घागरी रांगेत लावणाऱ्या बायकांना मात्र घरात माणसे किती आणि तांबे किती हे कागदाशिवाय कळत होते. येथे औटकीचा अभिमान वाटेनासा होतो.

राहिले अंदाजपत्रक. ते घरात एका जाड वहीत लिहिले जाते आणि त्यात किराणा, दूध, वीज, औषधे यांच्यानंतर ‘किरकोळ’ नावाचे एक सदर असते. दर महिन्याला जमा आणि खर्च रुपयापर्यंत जुळतात, या चमत्काराचे प्रस्तुत लेखकाला दीर्घकाळ कौतुक होते. वही बारकाईने तपासल्यावर असे आढळले की, इतर सर्व रकमा आधी लिहिल्या जातात, मग हातातली शिल्लक मोजली जाते, आणि जो फरक उरतो तोच किरकोळ. कामवालीच्या मुलीची वह्यापुस्तके, माहेरच्या पाहुण्यांची साडी, दारावर आलेला कोणी, हे सगळे त्या एका आकड्यात गुण्यागोविंदाने नांदते. हीच रीत कचेरीतील प्रवासखर्चाच्या बिलास लावून पाहण्याची परवानगी प्रस्तुत लेखकाने घरात मागितली होती. ती नाकारण्यात आली.