साठ मिनिटांचे हॉप्स

नाक मुरडू नका वहिनी, काही करपलेलं नाही. मागच्या अंगणात माल्टचं गोड पाणी उकळत ठेवलंय, त्याला वर्ट म्हणतात. बिअर हो! पोलीस कशाला येतील? इथे अमेरिकेत १९७८ साली अध्यक्ष कार्टरसाहेबांनी तशा कायद्यावर सही करून ठेवलीय. घरात दोन मोठी माणसं असली की वर्षाला २०० गॅलनपर्यंत मुभा. फक्त विकायची नाही.

बरं, कोपऱ्यावरच्या आपल्या नागपूरच्या भाऊजींचं कळलं का? कुणाला सांगू नका हं. कृतीत लिहिलेलं, हॉप्स (बिअरला कडूपणा आणि वास देणारी फुलं हो) साठ मिनिटांना. यांनी काय करावं? तासभर नुसतं वर्ट उकळलं, मग हॉप्स टाकले आणि लगेच गॅस बंद! बिअर झाली गोडमिट्ट. अहो, ही मिनिटं मागून मोजायची असतात. साठ म्हणजे गॅस बंद करायला साठ मिनिटं उरलेली असताना.

का म्हणजे? हॉप्समधली आम्लं मुळात पाण्यात फारशी विरघळत नाहीत. उकळून उकळून त्यांचं रूप बदलतं, तेव्हा कुठे कडूपणा बिअरमध्ये उतरतो. तासभर उकळूनही जेमतेम पाव हिस्सा हाती लागतो, उरलेला गाळाबरोबर जातो. आणि वासाची तेलं वाफेबरोबर पळतात, म्हणून वासाचे हॉप्स शेवटी. आपण कोथिंबीर वरून घालतो ना, तसंच.

आता भाऊजींनी दुसरंच टोक गाठलंय. गळ्यात स्टॉपवॉच! त्यांची बायको सांगत होती, परवा दारावर बेल वाजत राहिली, हे हलायला तयार नाहीत. वर उकळी फुटताच हॉप्स ओतले आणि सगळा फेस शेगडीवर. पहिली उकळी आली की फेस चढतोच. तो बसू द्यावा, मग हॉप्स टाकावेत आणि तिथून घड्याळ लावावं. त्यात दहा मिनिटं गेली तर गेली.

खरं सांगू? साठचे पंचावन्न झाले तर कडूपणात शेकडा दोनचा फरक. कुणाच्या जिभेला कळतोय? नव्वद मिनिटं उकळणारेही आहेत. त्यांना सहा-सात टक्के जास्त मिळतात, गॅस मात्र दीडपट. पण शेवटच्या दहाचे पाच झाले, तर त्या हॉप्सचा कडूपणा जवळजवळ निम्मा होतो! धावपळ करायची ती तिथे.

जर्मन लोकांची आणखी एक तऱ्हा आहे. वर्ट गाळून पातेल्यात पडत असतानाच हॉप्स टाकून मोकळे, उकळी यायच्याही आधी. कडूपणा त्याने सौम्य लागतो म्हणतात. मला विचाराल तर त्यात श्रद्धेचा भाग बराच आहे, पण फेसाची कटकट कमी होते हे खरं.

आणि आपलं हे डेन्व्हर! मैलभर उंचीवर पाणी ९५ अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे कडूपणा उतरायलाही वेळ लागतो. समुद्रकाठच्या माणसाची कृती इथे जशीच्या तशी केली तर फिकी लागणार. मी सुरुवातीचे हॉप्स मूठभर जास्तच घालते.

थांबा, फेस चढतोय वाटतं... नाही, बसला. तर भाऊजींना सांगा, पहिल्या हॉप्सना घड्याळ नको, शेवटच्यांना हवं. माझं नाव मात्र घेऊ नका.