प्रवासधुरंधर मित्रवर्यांस अनावृत पत्र

रा. रा. मित्रवर्य, प्रवासधुरंधर यांचे सेवेशी,
कृ. सा. न. वि. वि.

आपल्या कृपेने औंधची सहल पार पडली. आभार समक्ष मानावेत तर आपण फोन उचलत नाही, म्हणून चारचौघांत पत्र लिहितो आहे. नाव घालत नाही. थोरांची ओळख त्यांच्या कर्तृत्वावरूनच पटते.

प्रथम आपल्या युरोपवारीला मुजरा. पाठीवर बोचकं घेऊन आपण सकाळी ब्रुसेल्स, दुपारी ब्रूज आणि रात्री अ‍ॅमस्टरडॅम केलंत. फ्लॉरेन्सचं उफिझी सोमवारी बंद, पॅरिसचं लूव्र मंगळवारी बंद, हे आपण झोपेतून उठवलं तरी सांगाल. अशा माणसाने आपण होऊन म्हणावं, "औंधचं सगळं माझ्यावर सोड, तू फक्त चल," याहून थोर उपकार कोणते?

औंधला जवळचं स्टेशन म्हणून मी रहिमतपूरला उतरू म्हणत होतो. आपण तिकिटं आधीच किर्लोस्करवाडीची काढली होती. पुरावा म्हणून मोबाइलवर एक ओळ दाखवलीत : किर्लोस्करवाडी औंध संस्थानात वसली. ओळ अगदी खरी. बेळगावातली जागा सोडायची वेळ आली तेव्हा लक्ष्मणराव किर्लोस्करांना औंधकरांनी कुंडलजवळच्या माळावर जागा दिली, ते साल १९१०. फरक एवढाच, की हे ७२ गावांचं संस्थान तुकड्यातुकड्यांनी विखुरलेलं होतं. खुद्द औंध आजच्या साताऱ्यात, किर्लोस्करवाडी सांगलीत. आणि १९४८च्या मार्चमध्ये ते विलीनही झालं. रहिमतपूर आलं, गाडी थांबली, दोन माणसं उतरली, गाडी सुटली. आपण खिडकीतून फलाटाला हात हलवलात. त्या रसिकतेबद्दल ऋणी आहे.

आपल्या बॅगेचे तर किती आभार मानू? ती माझ्या खांद्यापर्यंत येते. तिच्यात परदेशी प्लगचं अडॅप्टर होतं, थंडीची झोपायची पिशवी होती, आणि आपल्याच आग्रहाने माझी भाकरी, पाण्याची बाटली व टोपीही होती. विट्याच्या एसटीत तिने दोन सीटांमधली वाट अशी अडवली, की कंडक्टरने तिचं वेगळं तिकीट फाडलं. पैसे मी दिले. आपल्याकडे सुटे नसतात, आपण मोबाइलवरून देता.

त्या एसटीत मी आपल्याला औंधची गोष्ट सांगत होतो. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९३९ साली राज्यकारभार आपण होऊन रयतेच्या हाती दिला. घटनेचा आराखडा गांधीजींच्या सल्ल्याने झाला आणि त्या कामात वॉर्साचा एक इंजिनिअर, मॉरिस फ्रीडमन, खादी घालून राबला. ग्रामपंचायतीच्या पायावर उभं राहिलेलं असं स्वराज्य तेव्हा हिंदुस्थानात नवलाचं होतं. पॅरिसमध्ये राजाला कुठे मारलं ती जागा आपण मला फोटोत दाखवली होतीत. इथे राजाने कोणाचं रक्त न सांडता सत्ता सोडली, हे ऐकताना आपली मान माझ्या खांद्यावर विसावली होती. घोरणं बेताचं होतं, हाही आपला मोठेपणा.

विट्याहून पुढे आपण वडापची जीप पसंत केलीत. "लोकल अनुभव घ्यायचा," असं म्हणालात. ड्रायव्हर म्हणाला, "बॅग टपावर टाका, आत मानसं बसवायची का ती?" बॅग टपावर गेली. वडूजच्या फाट्यावर आपण सेल्फी काढत उतरलात आणि बॅग तशीच गोंदवल्याकडे रवाना झाली. तिच्यात पॉवरबँक होती. मग मोबाइल मिटला, मोबाइलबरोबर नकाशा मिटला, तिकिटं मिटली, पैसेही मिटले. एका हौशी बॅगेने एवढी साखळी ओढली, याचं श्रेय आपल्याला द्यायलाच हवं.

औंधात पोचलो तेव्हा ऊन टळटळीत होतं. यमाईच्या डोंगराची चढण आपण देवीचं नाव न घेता, माझंच नाव घेत चढलात. उतारावरच्या श्री भवानी संग्रहालयाला कुलूप होतं. सोमवार होता.

मित्रवर्य, इथे क्षणभर आपले शब्द आठवावेत. निघण्याआधी मी म्हटलं होतं, एक फोन करून विचारू. आपण म्हणालात, "फोन कशाला? गावाकडचं म्युझियम आहे, कधीही जा."

फ्लॉरेन्सला जायचं तर आपण महिनाभर आधी वेळ राखून ठेवता. औंधला जाताना वारसुद्धा बघत नाही. बॅग हरवली, उपाशी राहिलो, पाय भाजले, हे सगळं मी हसून विसरेन. "गावाकडचं" हा शब्द ज्या सुरात काढलात तो विसरायला मला जड जातंय.

मुक्कामाचं नियोजनही आपलंच. खोली औंधातच राखून ठेवली होतीत, यात शंका नाही. चहावाल्या काकांनी आपल्या मोबाइलला चार्जर दिला, पडदा उजळला आणि पत्ता दिसला : औंध, पुणे. पैसे परत मिळणार नव्हते. त्या काकांनीच मग स्वतःच्या घरी नेलं, पिठलं-भाकरी वाढली, पडवीत सतरंजी टाकली. रात्री वडापवाला बॅग घेऊन हजर झाला. गाडीत दुसरं भाडं नव्हतं, तेवढ्यासाठीच आला होता. डिझेलचे पैसेही घेईना. आपण त्याला मनापासून म्हणालात, "बॅगेला ओरखडा कसा आला?"

मंगळवारी सकाळी संग्रहालय उघडणार होतं. मी तसं सांगितलं. "प्लॅनमध्ये मंगळवार नाही," असं म्हणून आपण पहिली एसटी पकडलीत. आपली प्लॅनवरची निष्ठा पाहून गहिवरून आलं. मी मात्र थांबलो.

आता आपण काय चुकवलंत ते निगुतीने सांगतो, कारण या पत्राचं खरं कारण तेच आहे. १९३८ साली, वयाच्या सत्तरीत, भवानरावांनी हे संग्रहालय उभं केलं. ते स्वतः चित्रकार. रामायणावरच्या त्यांच्या चित्रांचं पुस्तक १९१६ सालचं आहे. आत राजा रविवर्मा आहेत, चित्रकार धुरंधर आहेत, हस्तिदंतावरचं कोरीवकाम आहे, युरोपातल्या गाजलेल्या कलाकृतींच्या प्रतिकृती आहेत. चित्रांवर उजेड वरून, नैसर्गिक पडतो, दिव्याची गरज लागत नाही. आणि तिथेच शिल्पकार हेन्री मूर यांचं 'माता आणि बालक' आहे. मूळ शिल्प. चेहऱ्याचे बारकावे जवळजवळ नाहीत. आई कुठे संपते आणि मूल कुठे सुरू होतं, ते शोधत नजर दगडावरून फिरत राहते. संग्रहालय झालं तेव्हा मूर चाळीशीचे होते. त्यांच्या कामासाठी लोक लंडनला तिकीट काढून जातात. आपणही गेला होतात. खटाव तालुक्यातल्या एका डोंगरउतारावर ते आपल्यापासून एका कुलपाच्या अंतरावर होतं.

मी समोर उभा होतो तेव्हा एक आजी नातवाला घेऊन आल्या. यमाईचं दर्शन करून आलेल्या. त्यांनी शिल्पाकडे पाहिलं आणि नकळत नातवाला जवळ ओढलं.

परतल्यावर कळलं, की आपण मित्रमंडळींत जाहीर केलंत : "औंधला बघण्यासारखं काही नाही. म्युझियम बंदच असतं." आटपाडीचं स्वतंत्रपूर राहिलं, तिथेही आपण "काही नाही" असंच म्हटलं असतंत. कैद्यांना भिंतीविना ठेवण्याचा जो प्रयोग संस्थानाने तिथे केला, त्याच्या प्रेरणेने व्ही. शांतारामांचा 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट निघाला. असो. न पाहिलेल्या गावावर शिक्का मारण्याची आपली तडफ असामान्य आहे.

आपल्या सेवेशी एकच विनंती. ते वाक्य मागे घ्या, ज्यांच्यापुढे बोललात त्यांच्यापुढेच घ्या. चहावाल्या काकांना आणि त्या ड्रायव्हरला फोन करा. दोघांचे नंबर माझ्याकडे आहेत.

आणि वाचकहो, हे पत्र आपल्याही हाती पडलं असेल तर ऐका. औंधला जरूर या. रहिमतपूरला उतरा, सोमवार टाळा, निघण्याआधी फोन करा आणि अर्धा दिवस तरी हाताशी ठेवा.

आपला कृपाभिलाषी,
सहप्रवासी