केंटमध्ये रुमाल

एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्याची विद्या मी सातवीतच आत्मसात केली होती. ती इंग्लंडात चालत नाही हे कळायला पन्नाशी उलटावी लागली, आणि केंट परगण्यातले चार पब पालथे घालावे लागले.

पहिला पब फॅवरशॅममधला. इथली शेफर्ड नीम ही बिअर कंपनी आपलं जन्मसाल 1698 सांगते. म्हणजे मोगलांनी जिंजी घेतली ते साल! शेकोटीजवळच्या खुर्चीवर रुमाल टाकून मी काउंटरकडे धावलो, कारण इथं वेटर येत नाही. काउंटरला माणसं टपरीवर टेकतात तशी टेकलेली. मी दादरच्या सवयीनं कोपर पुढे घातलं.

"भाऊजी, थांबा. रांग आहे," मेव्हणा कुजबुजला.

"कुठंय?"

"दिसत नाही. पण असते."

कोण कुणाच्या आधी आला, हे जो तो मनात धरून असतो, आणि पलीकडचा बिअर ओतणाराही. आपल्या रेशनच्या दुकानात हे करून पाहावं एकदा!

बिअर चक्क हापशानं येते. दांडा ओढला की तळघरातल्या पिंपातून वर चढते, तीही अकरा ते तेरा अंशांची. "जरा गार नाही का मिळणार?" असं विचारल्यावर मेव्हण्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी उकडीच्या मोदकावर बर्फ मागितला होता. एक पाइंट म्हणजे 568 मिलिलिटर. चौघं असाल तर प्रत्येकानं पाळीपाळीनं चौघांची आणायची. बिलावरून झोंबाझोंबी नाही, पण पाळी चुकवणाऱ्याला गाव विसरत नाही म्हणे. माझी पाळी येईपर्यंत मी हिशेब करून घामाघूम.

खुर्चीकडे परतलो तर एका आजोबांनी रुमालाची चौपदरी घडी करून हातात दिली. "तुमचा पडला होता." आणि खुर्चीत तेच बसले.

हर्न गावात 2005 साली खाटकाच्या जुन्या दुकानात देशातला पहिला 'मायक्रोपब' निघाला. खोली इतकी लहान की गुडघ्याला गुडघे लागतात आणि अबोला धरायची सोयच नाही. बाकावर टाकलेला रुमाल तीन हातांतून फिरून मुकाट्यानं माझ्याकडे परत आला.

तिसऱ्या पबात टीव्हीवर फुटबॉल होता. पुढे चला.

चौथ्याच्या मागच्या अंगणात 'बॅट अँड ट्रॅप' चाललेलं. लाकडी खोक्याच्या टोकावर बॅट मारली की चेंडू वर उडतो, आणि तो हवेतच टोलवायचा. अहो, हा तर आपला विटीदांडू! खुर्चीवर रुमाल टाकून मी शर्टाच्या बाह्या सरसावल्या. चेंडू उडाला, माझी बॅट फिरली. दोघांची भेट काही झाली नाही. लोकांनी टाळ्या मात्र मनापासून वाजवल्या.

वळलो, तर एक मुलगी रुमाल घेऊन उभी होती. खुर्चीवर एक लठ्ठ कुत्रा झोपला होता. त्यानं रुमाल टाकला नव्हता, तरी त्याला कुणीही उठवलं नाही.