तेवीस किलोंचे संस्थान

परदेशगमनाचा संकल्प आणि प्रत्यक्ष प्रस्थान यांच्यामध्ये जो काळ जातो, त्याची प्रवासवर्णनकार बहुधा एका वाक्यात बोळवण करतात आणि थेट विमानाच्या खिडकीशी जाऊन बसतात. परंतु धारसारख्या जुन्या संस्थानी शहरात एखाद्या मराठी घराण्याची ही सिद्धता ज्याने जवळून पाहिली आहे, त्याला खरा प्रवास तोच वाटावा आणि अमेरिका ही त्याची केवळ पुरवणी.

आमच्या मामांचे पूर्वज धारच्या पवारांच्या दरबारी फडणिशीवर होते आणि स्वतः मामांनी उभी हयात भू-अभिलेखाच्या कचेरीत खसरे आणि नकाशे सांभाळण्यात घालवली. त्यामुळे न्यू जर्सीहून चिरंजीवांचे बोलावणे येताच त्यांनी प्रथम काय केले असेल, तर एक जाड वही आणून तिला लाल पुठ्ठा चढवला आणि पहिल्या पानावर ‘मोहीम’ असे शीर्षक घालून खाली तपशिलाचे रकाने आखले. पासपोर्ट सुखरूप हाती आला. ज्या ‘ळ’साठी मध्य प्रदेशच्या हिंदी दफ्तरांशी मामा जन्मभर भांडले, त्या आडनावातल्या ‘ळ’चे आणि ‘ल’चे इंग्रजीत एकच रूप होते, हे पाहून मात्र ते काही काळ उदास झाले. एवढे भांडण फुकटच गेले की!

व्हिसाचा अर्ज हे याहून गहन प्रकरण. तो संगणकावर भरावा लागतो आणि त्यात, आपण नरसंहारात भाग घेतला आहे काय, बालसैनिकांची भरती केली आहे काय, अशा पृच्छा असतात. प्रत्येक ठिकाणी ‘नाही’ म्हणण्यापूर्वी मामा क्षणभर थांबत, कारण सरकारी कागदावर विचार न करता काही लिहिणे त्यांच्या शिस्तीत बसत नाही. पुढे ‘आपण एखाद्या कुळाचे अथवा टोळीचे आहात काय’ हा प्रश्न आला आणि त्यांची मुद्रा उजळली. साऱ्या अर्जात खानदानी माणसाला विचारण्यासारखा हा एवढाच प्रश्न, असा अभिप्राय देऊन त्यांनी गोत्र, प्रवर, शाखा, सूत्र आणि कुलस्वामिनी अशी माहिती मला सांगण्यास आरंभ केला. मी मुकाट्याने ‘नाही’वर टिचकी मारली. त्या दिवशी मामांनी माझ्याबरोबर चहा घेतला नाही.

परदेशगमनाच्या बाबतीत मामांना इतिहासाचा मोठा आधार वाटत असे, आणि तो अगदीच निराधार नव्हता. राघोबादादांच्या पडत्या काळात गरोदर आनंदीबाईंनी धारच्या किल्ल्याचा आश्रय घेतला आणि 1775च्या जानेवारीत दुसरे बाजीराव तेथेच जन्मले, हे धारच्या शाळकरी पोरालाही ठाऊक असते. पण याच राघोबादादांनी पुढे हनुमंतराव नावाचे ब्राह्मण वकील विलायतेला धाडले, हे फारसे कोणाच्या ध्यानी नसते. 1781 साली हे हनुमंतराव लंडनला पोहोचले, तेव्हा त्यांच्या सोवळ्याची अडचण ओळखून एडमंड बर्क या थोर वक्त्याने आपल्या बागेतले रोपांचे काचघर त्यांना स्वयंपाकासाठी आणि पूजेसाठी मोकळे करून दिले. ज्या गृहस्थाच्या वाणीपुढे पुढे वॉरन हेस्टिंग्जला उभे राहावे लागले, त्याच्या काचघरात फोडणी पडत होती, ही कल्पना मला व्यक्तिशः फार सुखावते. एवढे सोवळे सांभाळूनही परतल्यावर हनुमंतरावांना प्रायश्चित्त चुकले नाही. सोन्याची योनी घडवून तीतून बाहेर पडल्यावर, म्हणजे शास्त्रोक्त पुनर्जन्म झाल्यावरच जातीने त्यांना पदरात घेतले. ही हकिगत ऐकून मामीने एकच विचारले, “जाताना पीठ नेलं होतं का त्यांनी?”

कारण मोहिमेच्या रसदखात्याचा अंमल मामीकडे होता. भाजणी, मेतकूट, कुरडया, गोडा मसाला, सुके खोबरे, रतलामी शेव आणि नातवासाठी अनारसे अशी तिची यादी होती, आणि तिच्यावर पहिला घाला जिथून येईल असे कोणाच्या स्वप्नातही आले नसते तिथून आला. विमान दुबईमार्गे जाणार होते आणि त्या मुलखात खसखस हा निषिद्ध पदार्थ आहे. इकडे आमच्या माळव्यात तर मंदसौर, नीमच, रतलाम या जिल्ह्यांत अफूचे सरकारी पट्टे मिळतात, बोंडांना चिरे देऊन चीक काढतात आणि वाळलेल्या बोंडांतली खसखस निमूटपणे वाण्याच्या दुकानी येते. एकोणिसाव्या शतकात माळव्याची अफू चीनपर्यंत पोहोचली आणि कंपनी सरकारने तिच्या जकातीवर तिजोरी भरली. असे असता अनारशाच्या पाठीवरची चिमूटभर खसखस म्हणजे अपराध, हे मामीला पटेना. “नातू काय अनारसे खाऊन झिंगणार आहे?” हा तिचा प्रश्न संयुक्त अरब अमिरातीच्या कोणत्याही अधिकाऱ्याला निरुत्तर करील, पण तो त्याला विचारण्याची आमची कोणाची छाती नव्हती.

दुसरा घाला खोबऱ्यावर. सुके खोबरे आतल्या तेलामुळे आपोआप तापून पेटू शकते, म्हणून हवाई वाहतुकीच्या धोकादायक मालाच्या यादीत त्याला 1363 हा स्वतंत्र क्रमांक आहे. आजवर खोबऱ्याची वाटी फार तर खवट होते एवढेच आम्ही पाहिले होते. मामांनी मात्र वहीत ‘स्फोटके’ असा नवा रकाना आखून त्यात खोबऱ्याची रीतसर नोंद केली.

आता उरले वजन. प्रत्येकी दोन बॅगा आणि दर बॅगेस तेवीस किलो! घरचा काटा मामांना विश्वासपात्र वाटेना. आमचे शेजारी शेठजी दर महिन्यास मोहनखेड्याच्या दर्शनाला जातात आणि वाटेत राजगढला त्यांची आडत आहे. तेव्हा चारही बॅगा त्यांच्या मोटारीत घालून आम्ही धारहून निघालो. आडतीवर सोयाबीनची पोती बाजूला सारून तुलावटीने पहिली बॅग इलेक्ट्रॉनिक काट्यावर ठेवली, लाल आकडे थरथरत स्थिरावले आणि तो मालाचा पुकारा करावा तशा आवाजात ओरडला, “तेईस आठ सौ!” मग मामीकडे वळून अत्यंत गंभीरपणे त्याने विचारले की मालात ओल आहे काय, असल्यास आठशे ग्रॅम कडता धरता येईल. विमान कंपनी कडता धरीत नाही, हे कळल्यावर त्याने त्या व्यवहाराविषयी स्पष्ट नापसंती दर्शवली. बॅग उघडली. मामांच्या धोतरजोड्या, लाल वही आणि मेतकुटाचे दोन डबे, यांत काय काढायचे यावर एकमत होईना; तेव्हा दर्शन घेऊन मग ठरवू, असा तह झाला.

मोहनखेडा राजगढला लागूनच. आदिनाथांचे हे श्वेतांबर जैन तीर्थ आचार्य राजेंद्रसूरींच्या प्रेरणेने उभे राहिले आणि 1906 साली राजगढला देह ठेवल्यावर त्यांचे समाधिस्थळही येथेच झाले. प्राकृत-संस्कृताचा सात खंडांचा ‘अभिधान राजेंद्र कोश’ त्यांनी रचला, असे शेठजींनी भक्तिभावाने सांगितले; त्यावर वजनाने पछाडलेल्या मामांनी सात खंडांचा भार किती, अशी चौकशी केली.

दर्शनानंतर उपाश्रयाच्या ओसरीवर आम्ही पाहिले, की एक मुनी आपले वस्त्र टोकापासून उलगडून त्याची इंच-इंच तपासणी करीत आहेत, ओघ्याने, म्हणजे लोकरीच्या कुंच्याने, हलकेच झाडीत आहेत, मग काष्ठाची पात्री आतून-बाहेरून न्याहाळीत आहेत. “ही जकातीची तपासणी!” मामा पुटपुटले. शेठजींनी सांगितले की याला पडिलेहण म्हणतात, कोठे सूक्ष्म जीव दडला असेल तर त्यास इजा होऊ नये म्हणून ते दिवसातून दोनदा करतात, आणि तेथे दिसते तेवढीच त्यांची जिंदगी. ती खांद्यावर टाकून ते अनवाणी चालू लागतात. मामा विचारात पडले. असा प्रवासी अमेरिकेच्या विमानतळावरून किती झटपट सुटेल, हे त्यांच्या मनात आले असावे. पण शेठजींनी पुढे जोडले की साधूंना वाहन वर्ज्य. म्हणूनच 1893 साली शिकागोच्या सर्वधर्मपरिषदेचे आमंत्रण आत्मारामजी महाराज या जैन आचार्यांना आले, तरी जहाजात पाऊल टाकता येत नसल्याने वीरचंद गांधी या गृहस्थाश्रमी माणसाला पाठवावे लागले.

“म्हणजे जो सामान नेत नाही त्याला जाता येत नाही, आणि ज्याला जाता येतं त्याचं सामान मावत नाही,” मामा म्हणाले, आणि वही उघडून हे वाक्य त्यांनी ‘किरकोळ’ या सदरात टिपले.

सूर्यास्तापूर्वीच्या भोजनाची घंटा झाली. भोजनशाळेतून बाहेर येतो तो न्यू जर्सीहून चिरंजीवांचा फोन. काहीही आणू नका, एडिसनच्या ओक ट्री रोडवर शेव, पापड, भाजणी, मेतकूट, सारे मिळते, असे तो कळवळून सांगत होता. मामीने शांतपणे ऐकून घेतले. “दुकानातलं मेतकूट!” एवढेच ती बोलली आणि फोन मामांच्या हाती देऊन मोटारीकडे गेली. मामा मुलाशी हवापाण्याच्या गोष्टी करीत उभे होते, तेवढ्या अवधीत तिने मागचे दार उघडले, बॅगेची साखळी ओढली आणि इंदूरच्या शिंप्याकडून खास शिवून आणलेला मामांचा काळा लोकरी कोट बाहेर काढून शेठजींच्या स्वाधीन केला.

“कोट तिकडे मिळतो,” ती म्हणाली.