चोपड्याचे कप्तान

मे महिन्यात दुपारी दोन वाजता चोपड्यातलं कुत्रंसुद्धा गटारातून अंग बाहेर काढत नाही. अशा वेळी मी आबांच्या वर्कशॉपात शिरलो, तर आबा हीटरच्या विवंचनेत बसलेले.

"बसा सर. डिझेलवरचा घ्यायचा हे नक्की. पण फुंकणारा नको, थेंब थेंब डिझेल पडून जळणारा पाहिजे. बॅटरी बसली तरी तो पेटता राहतो. बर्फात मेकॅनिक कुठून आणणार?"

बाहेर पारा पंचेचाळिसाच्या पुढे. आबांच्या अंगावर बनियन, गळ्यात ओला पंचा, कपाळावर घामाच्या धारा. मी आलो होतो माझ्या कूलरची चौकशी करायला. ऑर्डर होळीच्या आधीची होती.

आबांचा धंदा यावल रस्त्याला. ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या, दुकानांची शटरं, जिन्याचे कठडे आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी कूलर. वेल्डिंगचा हात असा की सांधा कुठे आहे ते बोट फिरवून शोधावं लागतं. पण हा माणूस गेली अकरा वर्षं ध्रुवाकडच्या समुद्रात फिरायला शिडाची बोट निवडतो आहे. विकत घेत नाही, निवडतो आहे. गावानं म्हणूनच त्यांना 'कप्तान' करून टाकलं. आबांना यात थट्टा दिसत नाही. आपल्याकडे ट्रॅक्टर घ्यायचा तरी माणूस तीन वर्षं सगळ्या शोरूमचा चहा पितो. आबांनी तीच चाल बोटीला लावली, एवढंच.

याची सुरुवात झाली 'म्हादेई'पासून. कमांडर दिलीप दोंदे ऑगस्ट २००९ मध्ये मुंबईहून एकटे निघाले आणि शिडाच्या बोटीतून पृथ्वीला वळसा घालून मे २०१० मध्ये मुंबईला परतले. असं करणारे ते पहिले भारतीय. आबांना दोंद्यांचं कौतुक आहेच, पण त्याहून जास्त बोट बांधणाऱ्याचं. ५६ फुटांची ती बोट गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांच्या कारखान्यात तयार झाली. "म्हणजे सर, आपल्यासारखाच वर्कशॉपवाला!" हे वाक्य मी अदमासे चाळीस वेळा ऐकलं आहे. आणि ही सगळी कल्पना ज्यांची, ते व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी निवृत्तीनंतर राहायला गेले कुठे? फलटण तालुक्यातल्या विंचुर्णीला. समुद्र नसलेल्या गावात बसून समुद्राचा विचार करता येतो, याचा आबांना तेव्हापासून लेखी दाखलाच मिळाल्यासारखा आहे.

तरी 'म्हादेई' आबांच्या यादीतून बाद. कारण ती लाकडावर फायबर चढवलेली. जग फिरायला उत्तम, पण बर्फाच्या तुकड्यांत रोज अंग घासायचं तर आबांना धातूच पाहिजे. हे मला पटेना, तेव्हा त्यांनी प्रयोगच करून दाखवला. भंगारातलं फायबरच्या कूलरचं एक अंग आणलं, शेजारी पाच एमएमचा पत्रा टेकवला आणि पोराला म्हणाले, "मार रे घण." फायबरला पहिल्याच ठोक्यात पांढरी चीर गेली, दुसऱ्यात भोक. पत्र्याला तीन घणांनंतर परातीएवढा पोचा आला, पण पाणी ओतलं तर थेंब गळेना. "पाहिलं? पोचा घेऊन माणूस घरी येतो. भोक घेऊन नाही." जुन्या हिमनदीचा बर्फ काचेसारखा कडक असतो. त्याची लहान ढेकळं पाण्याच्या वर हातभरच दिसतात, उसळत्या लाटेत रडारलाही सापडत नाहीत. म्हणजे धडक कधीतरी होणारच, हे धरून चालायचं. शिवाय नाकाडात एक वेगळा बंद कप्पा ठेवायचा. पुढचा फुटला, तरी मागचा कोरडा.

मग स्टील की अ‍ॅल्युमिनियम? इथे आबांची चार वर्षं गेली. अ‍ॅल्युमिनियम हलकं, रंगाची कटकट नाही, आणि फ्रान्समध्ये अशा बोटी सर्रास बांधतात. पण तळाच्या साचलेल्या खाऱ्या पाण्यात तांब्याचा एखादा तुकडा पडून राहिला, तर तो हळूहळू धातूला भोक पाडतो. आबांनी ही गोष्ट एका जुन्या तांब्याच्या पैशासकट समजावली. पैसा पत्र्यावर ठेवला आणि विंचू बघावा तसे त्याच्याकडे बघत राहिले. शिवाय अ‍ॅल्युमिनियम जोडायला आर्गॉन लागतो. स्टीलचा डाग कुठल्याही बंदरावरचा कोणीही लावून देईल. बर्नार्ड मॉयतेसिए नावाच्या फ्रेंच खलाशाची 'जोशुआ' स्टीलचीच होती आणि तिच्या डोलकाठ्या म्हणजे टेलिफोनचे खांब. हे कळलं त्या दिवशी आबांनी सबंध वर्कशॉपला पेढे वाटले. तेव्हापासून रस्त्यानं जाताना ते खांबांकडे जरा आपलेपणानं बघतात.

पोटाचा आकारही ठरला आहे. ध्रुवप्रवासी नॅन्सनची 'फ्राम' १८९२ साली पाण्यात उतरली, ती मुद्दाम गोल पोटाची बांधलेली. बर्फानं दोन्हीकडून आवळलं की ओल्या चिंचोक्यासारखी वर सटकायची. दुसरा ध्रुवप्रवासी शॅकल्टन, त्याच्या 'एन्ड्युरन्स'ला हे साधलं नाही, १९१५ साली बर्फानं तिचा चुरा केला. बोटीखाली वर उचलता येणारी फळी हवी, म्हणजे उथळ खाडीत शिरता येतं. मोठे हिमखंड तळाला टेकून बाहेरच अडकतात आणि आपण आत शांत झोपतो. झोपण्याआधी किनाऱ्याच्या खडकांना चारी बाजूंनी लांब दोर बांधायचे. ("बैल बांधतो तसे का?" मी. "बैल एका दाव्यावर राहतो सर. हे चार दाव्यांचं जनावर आहे.")

उचलत्या फळीचा आणखी एक फायदा आबांनी सांगितला. बोट तापीत चालेल. मी तोंड उघडायच्या आत त्यांनी बोटांवर मोजलं: सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा इथले बॅरेज, पुढे उकाई, मग काकरापार. "म्हणजे सुरतपर्यंत ट्रेलरनंच न्यावी लागेल," असा समंजस निष्कर्षही त्यांनीच काढला. नुसता खुळा माणूस इथे धरणवाल्यांना अर्ज करत बसला असता.

शिधा ठरलेला आहे: ज्वारीचे बिबडे, कळण्याचं पीठ, शेवभाजीचा मसाला, प्रेशर कुकर. शेगडी दोन खिळ्यांवर झोके घेणारी, म्हणजे बोट कितीही कलंडली तरी डाळ पातेल्यातच राहते. तिचा नमुना त्यांनी बनवलासुद्धा आणि घरी बसवला. वहिनींनी तिच्यावर दोन दिवस स्वयंपाक केला. तिसऱ्या दिवशी ती माळ्यावर गेली.

वहिनींचं मत स्पष्ट आहे. 'म्हादेई'ची धाकटी बहीण 'तारिणी', तीही दांडेकरांकडचीच. २०१७-१८ मध्ये नौदलाच्या सहा महिला अधिकारी तिच्यातून जग फिरून आल्या. ते टीव्हीवर बघून वहिनी म्हणाल्या होत्या, "सहा पोरी दुनिया फिरीसन उन्यात, नि तुम्ही आजून पत्राच मोजी राहिनात!" आबांनी तो टोमणा दाद म्हणून घेतला.

एक गोष्ट सांगायला नको, पण सांगतो. आबा आयुष्यात एकदाच समुद्रावर गेले आहेत, गेटवेपासून घारापुरीपर्यंत. लाँचनं बंदर सोडल्यावर दहाव्या मिनिटाला त्यांनी जे कठड्याला धरलं, ते लेणी येईपर्यंत. त्यावर त्यांचं म्हणणं असं की त्या लाँचचा तळच चुकीचा होता. किमतीचा विषय मी एकदाच काढला. "तो नंतरचा प्रश्न," असं म्हणून त्यांनी चहा सांगितला.

माझा कूलर सात जूनला आला, पहिला पाऊस पडून गेल्यावर. टेम्पोतून उतरवायला चार माणसं लागली. आमच्या सौ. बघतच राहिल्या. "हाऊ कूलर शे का रणगाडा?" टाकी चार एमएमच्या पत्र्याची, आत मधोमध आडवी भिंत. एक कप्पा फुटला तर दुसरा चालू राहावा म्हणून. गंज आधी आपल्या अंगावर घ्यायला तळाशी जस्ताची एक वडी बोल्टनं कसलेली, आणि ती दर वर्षी बदलायची अशी सक्त सूचना. रेड ऑक्साइडचे तीन हात. ठरल्या पैशांपेक्षा एक रुपया जास्त घेतला नाही.

आमच्या आळीत सत्तावीस कूलर आहेत. न गळणारा हा एकच.