सौजन्य : गुगल

“अगं, आहेस का घरात? ये जरा गडग्यापाशी. कोपऱ्यावरच्या होमस्टेवाल्यांना नोटीस आलीय, कळलं का तुला?”

काकूंनी अशी हाक मारली की बातमी ताजी असते. मी हातातलं काम टाकून बाहेर आले. गडग्यावर फणसाच्या साठांची ताटं उन्हात मांडलेली आणि काकूंच्या हातात कावळे हाकलायची काठी.

“कसली नोटीस? ग्रामपंचायतीची?”

“छे गं! ईमेलवर आलीय, कुठल्याशा एजन्सीची. तुमच्या वेबसाइटवर आमच्या फोटोग्राफरचा फोटो आहे, अठ्ठेचाळीस हजार भरा, नाहीतर कोर्टात भेटू. त्यांचा पुतण्या नाही का पुण्याला, त्यानं करून दिलीय ती वेबसाइट. खाडी, माड, मावळता सूर्य, सगळं गुगलवरनं उचललेलं. आणि मजा म्हणजे ती आपली खाडीच नव्हे! नीट बघितलं तर कोपऱ्यात केरळची हाउसबोट उभी आहे. गुहागरात कधी आली गं ती?”

“म्हणजे गिऱ्हाइकाला फसवलं ते वेगळं आणि फोटो ढापला तो वेगळा.”

“ढापला काय म्हणतेस? खाली लिहिलंय की त्यानं, ‘सौजन्य : गुगल’. आणखी काय करायचं माणसानं?”

मला हसू आवरेना. रत्नागिरीला ज्या वकिलांकडे मी कामाला जाते, त्यांच्या टेबलावर ही ओळ नेहमी येते. “अहो काकू, गुगल फोटो शोधून दाखवतं, ते फोटोचा मालक नव्हे. तुमच्या कलमाची फांदी रस्त्यावर आली म्हणून तिच्यावरचा हापूस रस्त्याचा होतो का?”

“हात तर लावून बघू दे कुणी!”

“तेच ते. युरोपात तर एका शाळेवरून हे प्रकरण पार वरच्या कोर्टात गेलं. जर्मनीतल्या एका शाळकरी मुलीनं स्पॅनिशच्या प्रकल्पात कोर्दोबा शहराचा फोटो लावला. एका प्रवासाच्या वेबसाइटवरून घेतला होता आणि खाली त्या वेबसाइटचं नावही प्रामाणिकपणे लिहिलं होतं. शाळेनं कौतुकानं तो प्रकल्प आपल्या वेबसाइटवर टाकला. फोटोग्राफर म्हणाला, मी परवानगी दिली ती फक्त त्या प्रवासवाल्यांना. २०१८ साली युरोपियन युनियनच्या न्यायालयानं त्याचं म्हणणं मान्य केलं. एका वेबसाइटवर फोटो सगळ्यांना दिसतोय म्हणून दुसऱ्यानं तो उतरवून आपल्या वेबसाइटवर चढवायचा नाही, परवानगी लागतेच.”

“अगंबाई! पोरीच्या गृहपाठावरनं?”

“गृहपाठ वहीत राहिला असता तर कुणी विचारलं नसतं. आपल्याकडेही स्वतःच्या अभ्यासापुरतं, परीक्षणापुरतं वापरायला कायद्यात सवलत आहे. धंद्याची जाहिरात त्यात बसत नाही.”

काकूंनी काठी गडग्याला टेकवली. म्हणजे आता बैठक लांबणार. “पण त्या फोटोवर नावबिव काही नव्हतं म्हणे. ते ‘सी’चं चिन्हसुद्धा नाही.”

“लागतच नाही. आपला कॉपीराइटचा कायदा १९५७ चा. फोटो काढला त्या क्षणी हक्क तयार होतो. नोंदणी नको, चिन्ह नको, आणि तो हक्क फोटो काढणाऱ्याच्या मृत्यूनंतरही साठ वर्षं टिकतो. कडेनं कापला, रंग बदलला, फाइलचं नाव बदललं, तरी सुटका नाही. एजन्स्यांकडे चित्रावरून चित्र शोधणारी यंत्रं असतात, ती दिवसरात्र वेबसाइटी चाळत बसतात. आणि हा नुसता पैशांचा मामला नाही बरं. जाणूनबुजून केल्याचं सिद्ध झालं तर कलम ६३ खाली सहा महिने ते तीन वर्षं कैद आणि पन्नास हजार ते दोन लाख दंड. २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र असल्याचंही सांगितलंय.”

“अरे देवा! मग भरून टाकू देत बिचाऱ्यांना ते अठ्ठेचाळीस हजार. अब्रू तरी वाचेल.”

“लगेच कशाला? आधी कागद मागायचा. अमेरिकेतली गंमत सांगते. कॅरल हायस्मिथ नावाच्या नावाजलेल्या फोटोग्राफर आहेत. त्यांनी आपले हजारो फोटो तिथल्या लायब्ररी ऑफ काँग्रेसला दिले, लोकांनी खुशाल वापरावेत म्हणून. आणि एक दिवस त्यांच्याच संस्थेला पत्र आलं, तुमच्या वेबसाइटवर हा फोटो आहे, एकशेवीस डॉलर भरा. फोटो कुणाचा? बाईंचाच!”

काकू तोंडाला पदर लावून हसल्या. “चोराच्या उलट्या बोंबा! मग?”

“मग बाईंनी २०१६ साली गेटी इमेजेस या बड्या कंपनीवर आणि इतरांवर शंभर कोटी डॉलरचा दावा ठोकला. तो फारसा टिकला नाही, कारण फोटो लोकांना मोकळे करून दिल्यावर कॉपीराइटचं हत्यार हातात उरत नाही. पण आपण घ्यायचं ते एवढंच, की पत्र पाठवणारा मालक असेलच असं नाही. म्हणून होमस्टेवाल्यांना सांगा, आधी वेबसाइटवरून तो फोटो उतरवा. होता तसा स्क्रीनशॉट मात्र ठेवा. मग एजन्सीला लेखी विचारा, फोटो कुणी काढला, त्याच्या वतीनं बोलायचा अधिकार तुम्हाला कुणी दिला, आणि ही रक्कम आली कुठून. कागद चोख निघाला तर बोलणी करून आकडा खाली आणायचा. काही निघालंच नाही तर आपल्या कायद्यात कलम ६० आहे. पोकळ धमक्या देणाऱ्यावर उलट दावा टाकता येतो.”

“आणि फोटो उतरवला म्हणजे मिटलं नाही?”

“वापरला तेवढ्या दिवसांचं उत्तर द्यावंच लागतं. पण कळल्यावरही तसाच ठेवला तर मग ‘मला माहीत नव्हतं’ म्हणायची सोय राहत नाही.”

एक कावळा ताटाशी येऊन बसला. काकूंनी त्याला हाकललं आणि त्याच झपाट्यात विषयही पुढे नेला. “मग तो आपला फ्रिज-एसी दुरुस्त करणारा? त्याच्या वेबसाइटवर तर सगळ्या कंपन्यांची बोधचिन्हं ओळीनं लावलीत. वर मोठ्या अक्षरांत ‘अधिकृत सर्व्हिस सेंटर’. अधिकृत कुठला, मागच्या पावसाळ्यात माझा फ्रिज तीनदा उघडला त्यानं!”

“त्याचं दुखणं वेगळं, ते ट्रेडमार्कचं. त्याला १९९९ चा कायदा. अमक्या कंपनीचे फ्रिज मी दुरुस्त करतो, हे साध्या अक्षरांत लिहायला हरकत नाही. नाव घेतल्याशिवाय सांगणार तरी कसं? पण त्यांचं बोधचिन्ह मिरवायचं आणि वर ‘अधिकृत’ म्हणायचं, म्हणजे लोकांना वाटणार की कंपनीनंच बसवलाय याला. गिऱ्हाइकाचा असा घोटाळा होईल का, हेच कोर्ट बघतं.”

“नावात थोडा फरक केला तर चालतं म्हणतात ना?”

“दिल्लीत ‘सरदारबक्श कॉफी’ निघाली होती. गोल चिन्ह आणि मध्ये पगडीवाला चेहरा. स्टारबक्स ही कॉफी कंपनी गेली कोर्टात, आणि २०१८ मध्ये सरदारबक्शवाल्यांना नाव ‘सरदारजी-बख्श’ करून घ्यावं लागलं. पाटी बदला, कप बदला, वेबसाइट बदला. गंमत महागात पडली.”

“आणि बालवाडीच्या वेबसाइटवर तो छोटा भीम आहे, तो?”

“तोही कुणाचा तरी आहे. ज्या कंपनीनं तो काढला तिचा. भिंतीवर कुणी बघायला येत नाही, वेबसाइट मात्र ती कंपनी बसल्या जागी बघते.”

“म्हणजे माणसानं नुसत्या घरादाराचे फोटो लावावेत झालं.”

“घरादाराचंही बघून बरं का! मुंबईचं ताज हॉटेल, गेटवेसमोरचं. २०१७ साली त्याच्या इमारतीच्या रूपाचा ट्रेडमार्क झालाय, आपल्या देशात असा मान मिळवणारी ती पहिली इमारत. तुम्ही तिथं उभं राहून फोटो काढा, घरात लावा, कुणी काही म्हणणार नाही. पण ‘काकू टूर्स’ काढून ताजच्या घुमटाचंच बोधचिन्ह केलंत, तर पत्र येणार.”

“माझं काय टूर्स न् काय! माणसांचे फोटो तरी चालतात का? तालुक्याच्या सलूनवाल्यानं अनिल कपूर लावलाय, खाली ‘झकास कटिंग’.”

“नेमकं तेच नको! २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं हुकूम दिलाय. अनिल कपूरचं नाव, चेहरा, आवाज आणि त्याच्या ढंगातलं ते ‘झकास’ परवानगीशिवाय धंद्यासाठी वापरायचं नाही. पुढच्या वर्षी जॅकी श्रॉफही गेला कोर्टात, त्याच्या यादीत ‘भिडू’ होतं.”

“बोलायचीही चोरी झाली की गं!”

“बोला हो खुशाल. त्याचा चेहरा लावून दुकान चालवू नका, एवढंच. आणि एक गोष्ट तर आपल्याकडे कुणाच्या गावीही नसते. छत्रपती शिवाजी महाराजांचं नाव किंवा चित्र धंद्याच्या चिन्हात वापरायला केंद्र सरकारची परवानगी लागते. १९५० चा कायदा आहे, त्याच्या यादीत महाराज आहेत, गांधीजी आहेत, पंतप्रधानही आहेत. जिओ आणि पेटीएमनं जाहिरातीत पंतप्रधानांचा फोटो छापला होता, शेवटी दोघांनीही माफी मागितली. त्यांच्याकडे वकिलांची फौज असते, तरी. मग आपल्या वडापावच्या गाडीवाल्यांचं काय घेऊन बसलात!”

काकू थोडा वेळ गप्प बसल्या. मग हळूच म्हणाल्या, “खरं सांगू? आमच्या भाच्यानंही वेबसाइट केलीय, माझ्या चकली-मेतकुटाची. चकलीचा फोटो मस्त आहे, पण ती चकली माझी नाही. माझ्या चकलीला एवढे काटे येत नाहीत.”

“काकू!”

“अगं, त्याला म्हणे कुठंतरी फुकट मिळाला.”

“फुकटाचेही प्रकार असतात. विकिमीडिया कॉमन्सवर पुष्कळ फोटो मोकळे असतात, पण बहुतेकांना काढणाऱ्याचं नाव आणि परवान्याचा दुवा द्यावा लागतो. दुसरीकडच्या एखाद्या फोटोच्या परवान्यात ‘बिगरव्यापारी’ लिहिलं असेल तर तुमच्या चकलीला तो चालणार नाही. त्याला विचारा, कुठून घेतला आणि परवाना कुठला. त्या पानाचा स्क्रीनशॉट तारखेसकट ठेवायला सांगा. सांगता आलं नाही तर आजच उतरवा. आणि ते बोधचिन्ह, चुलीजवळच्या आजीचं, ते कुणी काढलं?”

“चिपळूणच्या एका मुलीनं. दीड हजार दिले तिला.”

“पैसे दिले म्हणजे हक्क आला असं समजू नका. फोटोचं बरं असतं. पैसे देऊन फोटो काढून घेतला आणि वेगळा करार नसला, तर हक्क पैसे देणाऱ्याचा, असं कायदाच सांगतो. लग्नाचे फोटो त्यातलेच. बोधचिन्हाला तसं धरून चालू नका. तिच्याकडून चार ओळी लिहून घ्या, मी याचे सगळे हक्क यांना दिले म्हणून, खाली सही. नोंदणी झालेली नसताना त्या चिन्हाला गोलातला ‘आर’ लावू नका, दंड होतो. ‘टीएम’ लावला तर चालेल.”

“एवढे कागद सांभाळत बसू की चकल्या तळू?”

“एक फाइल करा हो. फोटोचा कागद, चिन्हाचा कागद, भाच्याशी बोलणं झालं त्याचा कागद. उद्या पत्र आलंच तर होमस्टेवाल्यांसारखी धावपळ नको. आणि चकलीचा फोटो काढून देते मी, माझ्या मोबाइलवर छान येतो. बिनकाट्याची तर बिनकाट्याची, तुमची तर असेल.”

काकूंनी डोळे बारीक केले. “थांब. फोटो तू काढणार, मग हक्क तुझा ना?”

“हो, फुकट काढला तर माझाच.”

“आणि मोबदला दिला तर माझा. आत्ताच म्हणालीस. डबाभर चकल्या हा मोबदला झाला की नाही?”

“झाला की!”

“मग ये चार वाजता. आणि येताना कागद-पेन घेऊन ये. नंतर चकल्या कमी होत्या म्हणायला नको.”