मुळातले किती?

आमच्या सर्वणात दहावीचा निकाल गोवा बोर्ड लावतं, पण तो खरा लागतो भाऊंच्या सोप्यावर. पर्वरीहून आकडा सुटला की भाऊ आंघोळ उरकून, धुतलेला सदरा चढवून बसतात. मांडीवर पतसंस्थेची जुनी डायरी, तिला रबर आणि रबरात खोचलेल्या दोन पेन्सिली, एक साधी अन् एक तांबडी.

भाऊ मास्तर नव्हेत. डिचोलीच्या खाणीवर टाइमकीपर होते. 2012 साली खाणी बंद पडल्या, हजेरी घ्यायची सवय मात्र हाताला राहिली. तिथे मातीसुद्धा लोखंडाच्या टक्क्यांवर विकली जायची. 62 च्या मालाला भाव, 58 च्या खाली गेला की दर कोसळला. शिवाय वजन धरायचं ते ओलावा वजा करून. ती सगळी विद्या भाऊंनी वाड्यावरच्या पोरांना लावली.

घरात आम्ही कोकणी बोलतो. भाऊही बोलतात, पण हिशेब निघाला की मराठीत शिरतात, कारण पाढे मराठीत पाठ झालेत. त्यामुळे "कशें आसा?" म्हणत आलेला माणूस पुढच्याच वाक्यात "एक्याण्णव? मुळातले किती?" असं विचारतो.

मुळातले म्हणजे क्रीडागुण वजा जाता. आपल्या बोर्डात खेळणाऱ्या पोरांना क्रीडागुण मिळतात, आणि भाऊंच्या लेखी तो ओलावा. डायरीत ते तांबड्या पेन्सिलीने वेगळे मांडले जातात. शेजारच्या खो-खोवाल्या पोराचं असंच मांडायला लागले, तेव्हा त्याची आई विळीवरून न उठता म्हणाली, "भाऊ, ओलावा नव्हे तो, घाम आहे पोराचा." भाऊ गप्प. पण नोंद तांबडीच राहिली.

शाळेचा निकाल शंभर टक्के लागला म्हणून कुणी पेढा पुढे केला, की भाऊ पेढा हातात धरून विचारतात, "बसले किती?" अकरापैकी अकरा निघाले तर पेढा अर्धा खातात. मग हिशेब सुरू होतो. तीस पोरांच्या शाळेत एक गळाला की 3.33 टक्के गेले. दीडशेच्या शाळेत एक गळाला तर पाऊण टक्कासुद्धा जात नाही. मग पेपरवाले दोघांना एका रांगेत का बसवतात? आणि नववीत किती अडवले ते कोण सांगणार? हे विचारताना भाऊ तुमच्याकडे असं बघतात की नववीत तुम्हीच कुणाला अडवून ठेवलंय. वैताग येतो. पण प्रश्न चुकीचा आहे असं मला अजून कुणी दाखवून दिलेलं नाही.

वर्षावर्षांची तुलना हा भाऊंचा खास प्रांत. राज्याचा निकाल 2023 ला 96.64 टक्के, 2024 ला 92.38, 2025 ला 95.35. एवढ्यावरून "पोरं बिघडली, मग सुधारली" असं म्हणणाऱ्याला भाऊ सोप्यावरून उठवतात. "खाण बदलली की ग्रेड बदलतो. पेपर तोच होता का, ते सांग आधी." त्यांच्याकडे जुन्या गुणांचा विनिमय दर असतो. आपलं बोर्ड 1975 चं. त्याआधी आपली पोरं पुणे बोर्डाची एस.एस.सी. द्यायची. भाऊंच्या थोरल्या भावाला तिथे 52 टक्के पडलेले. "आजचे 85 धर." का? तर तेव्हा भाषेत साठ मिळाले तर मास्तर स्वतःवर संशय घ्यायचा. एक मामा पोर्तुगीज अमदानीत पणजीच्या लिसेवात होते, त्यांना वीसपैकी 14. त्याचे 70 टक्के करायला भाऊ तयार नाहीत. "ते माप वेगळं. खंडीचा माल लिटरात मोजतोस काय?"

पर्सेंटाइलने मात्र भाऊंना एकदा तोंडावर पाडलं. पुतणीला जेईईत 91 पर्सेंटाइल आले, यांनी ते वाड्यावर 91 टक्के म्हणून वाटून टाकले. पुतणीने समजावलं तेव्हा रात्रभर झोप नाही. दुसऱ्या दिवशी बुधवारचा बाजार. डिचोलीच्या स्टँडवर कदंबच्या रांगेत उभे राहून भाऊ मला म्हणाले, "आता बघ. शंभर माणसं रांगेत. एक्याण्णव माझ्या पाठीमागे. माझ्या पिशवीत नारळ किती, याचा संबंध नाही. समजलं?" समजलं. पुढच्याने मागे वळून पिशवीत डोकावलंसुद्धा. त्याच आठवड्यात भाऊंनी आपल्या 1979 च्या वर्गाची रांग लावली. सतरा जणांत भाऊ चौथे.

डायरीतलं 2021 चं पान मात्र नुसत्या साध्या पेन्सिलीने, कच्चंच लिहिलेलं आहे. कोविडमुळे परीक्षा झालीच नाही, शाळेने केलेल्या मूल्यमापनावर राज्याचा निकाल 99.72 टक्के लागला. "हजेरी नाही, नुसता पगार," असं भाऊ म्हणायचे. त्या बॅचची आमच्या गल्लीतली पोर नर्सिंग शिकते. गणेश चवथीला घरी आली, भाऊंचा दाब बघितला आणि म्हणाली, "दीडशे बाय नव्वद."

"नव्वदपैकी दीडशे?" भाऊ चकितच.

तिने मीठ बंद केलं, डॉक्टरांकडे धाडलं, पुढचे पंधरा दिवस रोज फोन करून आकडा विचारला. भाऊ तो आकडा डायरीत लिहू लागले. डायरी चाळताना माझी नजर गेली, तर तिच्या नावापुढच्या पेन्सिलीवर निळं पेन फिरवलेलं. बाकीचं पान तसंच.

माझंही पान आहे. नाव, साल, पुढे 54.8 आणि कंसात "गणित: ग्रेस". ग्रेसचं मी घरात कुणाला बोललो नव्हतो. बायकोला ते कळलं भाऊंकडून, लग्नानंतर तिसऱ्या महिन्यात.

यंदा आमची मुलगी दहावीला आहे. व्हॉलीबॉल खेळते. निकालादिवशी भाऊ येणार, तांबडी पेन्सिल घेऊनच येणार. बायकोने आत्ताच सांगून ठेवलंय, चहा बिनसाखरेचा, आणि फरसाण अजिबात समोर ठेवायचं नाही.